एक चिठ्ठी बाहेर, एक आत

बाई, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि मी अजून रोज सकाळी तुमचं टेबल पुसते. नवे सर परवा म्हणाले, "सुमनताई, टेबल रिकामंच आहे, राहू द्या की." मी बरं म्हणाले आणि पुसलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, की धूळ पुसायच्या आधी तिचा थर बघावा, किती दिवस कुणी आलं नाही ते कळतं. मला ते कळायला नको आहे, म्हणून पुसते.

शोकसभा झाली. तुमच्या पदव्या वाचून दाखवल्या, किती वर्षं शिकवलंत ते सांगितलं, दोघातिघांना भरून आलं. तुम्ही दगड चाटायचात हे मात्र एकानंही सांगितलं नाही. प्रयोगशाळेतल्या पेट्या पुसणाऱ्या बाईला बोलायला कोण उभं करणार? आणि केलं असतं तरी मला जे बोलायचं आहे ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. पाच वर्षं ते माझ्या पोटात आहे. म्हणून लिहिते आहे. लिहायला मला तुम्हीच लावलंत, तेव्हा आता ऐकून घ्या.

तुम्ही कॉलेजात आलात तेव्हा मी दहावी नापास, सासरहून कायमची परत आलेली, आणि शिपाई म्हणून लागून जेमतेम वर्ष झालेलं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही कपाटातून तीस-चाळीस दगडांची एक पेटी काढलीत आणि मला घेऊन कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर नेऊन ओतलीत. मला वाटलं, या बाईंचं डोकं फिरलंय. तुम्ही म्हणालात, "यांच्याजवळ चिठ्ठ्या नाहीत. कुठून आणला ते माहीत नसलेला दगड म्हणजे नुसती खडी." मग मला शेजारी बसवून चिठ्ठी लिहायला शिकवलंत. नमुना, स्थळ, तारीख, गोळा करणार, शेरा. प्रत्येक नमुन्याच्या दोन चिठ्ठ्या. एक बाहेर डकवायची, एक आत ठेवायची, कारण बाहेरचीला कसर लागते. दगड हरवला तर चालेल, म्हणायचात, चिठ्ठी हरवू नकोस.

शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही बहुतेक वेळा एकच लिहायचात: पुन्हा जाणे. कुठल्याही जागी एकदा जाऊन तुमचं समाधान म्हणून व्हायचं नाही.

चिठ्ठ्या लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं. मग तुम्ही मला दहावीला बसवलंत, मग बारावीला. दोन्ही वेळा फॉर्म भरून आणून माझ्यापुढे ठेवलात आणि सही कर म्हणालात, विचारलं नाहीत. मला तेव्हा राग आला होता. तो राग गेल्याचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तेही आज सांगून टाकते.

आणि साहेबाचा खड्डा. त्याच्यापासून तर सगळं सुरू झालं.

तो खड्डा ज्या टेकडीत आहे तिच्याखालच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या लोक कुदळी घेऊन पोचायचे. पारनेरकडे जाताना फाट्यावर उतरायचं आणि कोसभर चालायचं, एवढं पुरे. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबानं तिथे सोन्यासाठी खणलं होतं, अशी गोष्ट तुम्ही एका विद्यार्थ्याकडून ऐकलीत आणि पुढच्या रविवारी मला म्हणालात, येतेस का. एकटी बाई रानात हिंडते म्हणून लोक बघतात, दोघी असलो की बघत नाहीत, असं कारण दिलंत. लोक दोघींनाही बघायचे, ही गोष्ट वेगळी.

धोंडिबा नावाचे म्हातारबा तिथे शेळ्या चारायचे. त्यांनी खड्डा दाखवला. दोन पुरुष खोल विहिरीसारखा, आणि तळातून टेकडीच्या पोटात आठ-दहा पावलं गेलेलं भुयार. वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, आणि मधे हातभर जाडीचा तांबडा गेरूचा थर. तुम्ही भुयारात शिरलात, गेरूचा तुकडा काढलात आणि जिभेला लावलात. तो जिभेला चिकटून बसला. धोंडिबा माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. पुढे त्या गावात तुमचं नावच पडलं, दगड चाटणाऱ्या बाई.

परत येताना एसटीत तुम्ही मला सगळं समजावलंत. आपला हा सगळा मुलूख म्हणजे लाव्हा रसाचे थर, एकावर एक निवलेले. एक थर पडला, त्याच्यावर हजारो वर्षांत माती तयार झाली, मग नवा रस आला आणि ती माती भाजून तांबडी झाली. सोन्याला फार जुना खडक लागतो, तिकडे कर्नाटकात कोलारला आहे तसा. आपला पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्या मानानं पोरच. त्याच्यात सोनं असायचं कारण नाही. भुयारातल्या भेगेत गारगोटी आहे, तिच्यात माक्षिकाचे चार पिवळे खडे आहेत, पण माक्षिक म्हणजे लोखंड आणि गंधक, त्याला सोनं समजून माणसं कायम फसत आलीत.

"मग साहेब पण फसला," मी म्हणाले.

ते तुम्हाला पटेना. माक्षिक आणि सोनं हातोडीच्या एका ठोक्यात वेगळं कळतं, म्हणालात. सोनं चपटं होतं, माक्षिकाचा भुगा होतो. खणायला साहेब येतो तो एवढं शिकून येतो. आणि तरी तो इतकं खोल गेला. म्हणजे त्यानं काहीतरी पाहिलं होतं. तिथून आपलं भांडण सुरू झालं, बाई, आणि ते अजून मिटलेलं नाही.

माझं म्हणणं वेगळं होतं. धोंडिबांच्या आज्यानं त्या खड्ड्यावर काम केलं होतं. ते एकदा बांधावर बसून सांगत होते, "पावसानं वढ दिल्याली. गावात दाना न्हवता. साहेबाच्या कामावर सम्दा गाव जगला. मधीच काम बंद व्हायची येळ आली, तर साहेबाला सोनं घावलं म्हनं. मंग अजून लई दिस चाललं." सोनं नेमकं कुणाला घावलं, असं मी विचारलं. म्हातारबा हसले. आजा पण असाच हसायचा, म्हणाले, सांगायचा न्हाई.

मला तेव्हाच कळलं. काम चालू राहावं म्हणून गड्यांतल्या कुणीतरी बायकोच्या डोरल्याचा मणी कुटून त्या भेगेत घातला असणार. तुम्ही मान हलवत राहिलात. दगड खोटं बोलत नाही सुमन, म्हणालात. मी म्हणाले, "दगड नाही बोलत बाई. पण माणसं त्याच्या तोंडात घालतात ना." तुम्ही इतक्या जोरात हसलात की शेळ्या बुजल्या.

आता काथवटीचं सांगते. हेच सांगायचं आहे.

आमच्या घरात तीन पिढ्या माती धुण्याचं काम. लोक आम्हाला झारेकरी म्हणतात. सराफ बाजारात दुकानं उघडायच्या आधी आई दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ झाडून पोत्यात भरून आणायची, आणि मोरीत बसून काथवटीत धुवायची. एका लाकडातून कोरलेली ती काथवट, माझ्या जन्माच्याही आधीची. गोल गोल हलवत राहायचं, माती पाण्याबरोबर जाते, जड ते तळाला राहतं. सोनाराच्या कानशीखालून उडालेला कीस असा आमच्या घरी यायचा. ही गोष्ट मी कॉलेजात कुणाला सांगत नव्हते. मी सहावीत असताना एका दुकानात चोरी झाली, तेव्हा पहिली झडती आमच्या घराची झाली होती. चोर दुकानातलाच निघाला. आईकडे चुकलं म्हणायला कुणी आलं नाही.

तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही खड्ड्याखालच्या ओढ्यातली वाळू स्टीलच्या परातीत धुवायला बसलात आणि ते मला बघवेना. परात गुळगुळीत, त्यात काय थांबणार? किल्लारीचा भूकंप झाला त्या हिवाळ्यातली गोष्ट. गावातले लोक तुम्हाला विचारत होते, की खड्ड्यामुळे आपल्याकडे पण हादरा येईल का, आणि तुम्ही प्रत्येकाला तेवढ्याच शांतपणे नाही म्हणत होतात. मी म्हणाले, पुढच्या रविवारी आईची काथवट आणते. तुम्ही मला झारेकऱ्यांबद्दल इतके प्रश्न विचारलेत, की आपल्या घरात काही शिकण्यासारखं आहे हे मला पहिल्यांदा वाटलं. माती कुठली चांगली, पाणी किती, हात कसा फिरवायचा. तुम्ही वहीत लिहून घेत होतात. आईचं नाव विचारून तेही लिहिलंत.

पुढच्या रविवारी मी ओढ्यात बसून धुवत होते. सहावा की सातवा घाणा. वाळू गेली, काळी रेव गेली आणि तळाला काहीतरी पिवळं चमकलं. राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक, पाच कण. मी हात थांबवला. तुम्ही वाकून पाहिलंत, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलंत, आणि तिथेच पाण्यात बसलात. साडी भिजली, पायताण वाहून जायला लागलं, ते मी पळत जाऊन धरलं. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. होमिओपथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली तुमच्या पिशवीत असायचीच, तिच्यात तुम्ही ते पाच कण सुईच्या टोकानं एकेक करून सोडलेत.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन काथवट नळाखाली धरली. नळाच्या पाण्यात वाळू नव्हती, माती नव्हती. आणि तळाला दोन पिवळे कण येऊन बसले.

मी आईकडे बघत राहिले. ती भाकरी थापत होती. मी सांगितल्यावर तिला हसू आवरेना. "आगं, तिच्या भेगांत माज्या सासूपास्नं सोनं बसलंय," म्हणाली. "ते सम्दं धुऊन न्हाई जात. काथवट जुनी झाली की जाळायची, मंग राख धुवायची, तवा कुठं सोडती. तुज्या आजीची काथवट जाळली तवा माजी कानातली झाली."

बाई, रात्रभर मी ठरवत होते की सकाळी गेल्या गेल्या सांगायचं. खरंच ठरवत होते.

सोमवारी प्रयोगशाळेत आले तर तुम्ही आधीच आला होतात. स्टोव्हवर तुम्ही स्वतः चहा केला होता आणि तुमच्याकडच्या दोन कपांतला एक माझ्यापुढे ठेवलात. त्याआधी माझा चहाचा पेला खिडकीत वेगळा असायचा, तुम्ही ठेवला नव्हतात, तो आधीपासून तिथे होता. तुम्ही म्हणालात, "आपल्याला सापडलं ते खरं. पण एकदा सापडलेलं हे सापडलेलं नसतं. पुन्हा सापडेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. दर रविवारी जाऊ." बाटलीवर चिठ्ठी डकवलेली होती. नमुना: सोने. स्थळ कोरं. मी विचारलं, स्थळ का नाही लिहिलं? अजून नक्की नाही म्हणालात आणि खिडकीबाहेर बघायला लागलात.

मी तो चहा प्यायले आणि गप्प बसले.

का गप्प बसले, ते सांगते. एक म्हणजे भीती. झारेकऱ्याची पोर, तिची काथवट, आणि जिथे सोनं नसतं तिथे सोनं. हिनंच टाकलं असेल असं तुमच्या मनात क्षणभर जरी आलं असतं, तरी मला ते सोसलं नसतं. जगानं झडती घेतलेली चालते, तुम्ही नाही. आणि दुसरं म्हणजे रविवार. सांगितलं की संपलं. मग मी रविवारी मोरीत बसून माती धुणार आणि तुम्ही सावेडीतल्या त्या दोन खोल्यांत वह्या तपासत बसणार. तुम्हीच मला एकदा म्हणाला होतात, रविवार फार लांब असतो ग.

पाच वर्षं गेलो आपण. परीक्षा, दुखणी आणि लग्नसराई सोडली तर दर रविवारी. साडेसातची एसटी, मागून तिसरं बाकडं. तुमच्या डब्यात कायम करपलेले पोळ्यांचे तुकडे, माझ्या डब्यात भाकरी आणि ठेचा, आणि तुम्ही पहिल्यापासून माझ्या डब्यावर हक्क सांगणार. हिवरे बाजारकडच्या टेकड्यांवर पाणी अडवायला चर खोदले, तेव्हा तुम्ही दोन रविवार तिकडे वळवलेत, कारण ताजा कापलेला मुरूम बघायला मिळतो म्हणे. लोक तिथे मुरणारं पाणी बघायला येत होते, तुम्ही चराच्या भिंती चाटत होतात. तिथल्या एका बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांना काय डोहाळं लागल्यात का?" मी तुम्हाला ते कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नाही.

खड्ड्याखालच्या ओढ्यात मात्र पुन्हा काही सापडलं नाही. सापडणार कुठून? काथवट फुटली असं मी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि बाजारातून नवी घेतली. तुम्ही बरं म्हणालात. एवढंच. कशी फुटली, कुठे फुटली, तुकडे दाखव, काही नाही. गारगोटीला तडा कसा गेला यावर दोन तास बोलणाऱ्या तुम्ही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण खोटं बोलणाऱ्याला समोरच्याचं बोलणं कुठे ऐकू येतं.

दर वेळी घाणा रिकामा गेला की तुम्ही वहीत टिंब द्यायचात आणि म्हणायचात, पुढचा रविवार. तुमच्या आवाजात निराशा नसायची. मला वाटायचं, केवढी आशा या बाईंना, आणि केवढं पाप माझं.

मग या पावसाळ्यात तुमचं दुखणं निघालं. पुण्याला नेलं, परत आणलं. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही मला जसं दगडाबद्दल सांगायचात तसं सांगितलंत, कुठे आहे, किती आहे, किती पसरलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. शेवटच्या आठवड्यात म्हणालात, कॉलेजातून ती बाटली घेऊन ये. मी आणली. तुम्ही ती उशाशी ठेवलीत, औषधांच्या बाटल्यांत.

त्या बुधवारी मी धीर केला. पलंगाशी बसले आणि म्हणाले, "बाई, मला काथवटीचं सांगायचंय."

तुम्ही डोळे मिटूनच हसलात. माझ्या मनगटावर हात ठेवलात, तुमचा हात अगदी हलका झाला होता. म्हणालात, "रविवारी बोलू."

तुम्ही शुक्रवारी सकाळी गेलात.

नाशिकहून तुमचा भाचा आणि त्याची बायको आले होते. शेजारच्या काकूंनी सगळं हातात घेतलं. तुम्हाला आंघोळ घातली, तुळशीचं पान आणलं, गंगाजळ कुणाकडून तरी आणलं. मग काकू म्हणाल्या, तोंडात ठेवायला सोन्याचा मणी काढा. भाचेसून कपाट बघायला लागली. तुमच्या कपाटात काय असणार होतं? पुस्तकं, दगड, पाच साड्या. तुमच्या गळ्यात आयुष्यभर साखळीच्या जागी भिंग. माझ्या गळ्यात काही असायचा प्रश्नच नव्हता. भाचेसुनेचा हात तिच्या मंगळसूत्राकडे गेला आणि तिथेच थांबला. तिला मी दोष देत नाही, ती तुम्हाला चारदा भेटली असेल. काकू म्हणाल्या, नसेल तर राहू दे, तुळशीवर भागतं.

मला ते चालेना. मी उशाशी हात घातला आणि ती बाटली घेतली.

पाच वर्षांत मी ती उघडली नव्हती. भीतीनंच. बूच काढलं तर आत कागदाची बारीक सुरळी. आणि मला एकदम आठवलं, एक चिठ्ठी बाहेर, एक आत. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ती सुरळी उलगडली. तुमचं बारीक अक्षर, शाई थोडी फिकी झालेली.

नमुना: सोने, कानशीचा कीस.
स्थळ: सुमनच्या आईची काथवट.
तारीख त्या सोमवारची.
गोळा करणार: सुमन आणि मी.
शेरा: पुन्हा जाणे.

सोमवारची तारीख, बाई. माझ्या आधी येऊन तुम्ही ते कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होतेत. कानशीच्या रेघा दिसल्या असणार. चहा करायच्या आधीच तुम्हाला सगळं माहीत होतं. त्या कपातला चहा तुम्ही मला सगळं माहीत असून दिलात.

मला किती राग आला म्हणून सांगू. तुम्ही मेलेल्या होतात आणि मला तुमच्याशी भांडायचं होतं. पाच वर्षं मी मनात कुढत होते, आणि तुम्ही वहीत टिंबं देत होतात. एका शब्दानं मोकळं करता आलं असतं मला. मग कळलं, मलाही एका शब्दानं तुम्हाला मोकळं करता आलं असतं. दोघींनीही तो शब्द एकाच कारणासाठी गिळला.

काकू म्हणाल्या, "काय लिहिलंय गं?" मी म्हणाले, "चिठ्ठी आहे, दगडाची." भाच्याला विचारलं, ठेवू का? त्यानं मान हलवली. मी बाटली तुमच्या ओठांशी नेली आणि पाचही कण जिभेवर ओतले. नगर जिल्ह्यातला एक दगड तुमच्या जिभेनं सोडला नव्हता. सोनं तेवढं राहिलं होतं.

अमरधामहून परत आल्यावर आईला सांगितलं. ती आता थकली आहे, मोरीत बसवत नाही. ती म्हणाली, "राखंतून कुनी तरी काडंल ते." आमच्यातलंच कुणीतरी नदीकाठी ती राख धुवेल, हे तिला ठाऊक आहे, मलाही. मी म्हणाले, काढू दे. तुम्हालाही चाललं असतं. स्थळ विचारलं असतंत फक्त.

ते साहेबाचं भांडणही मी पंधरा दिवस डोक्यात घोळवते आहे. गड्यांनी मणी कुटून घातला हे माझं अजून म्हणणं आहे, ते मी सोडत नाही. पण साहेब फसला असं मी म्हणायचे ना, ते मागे घेते. हातोडीचा एक ठोका त्यालाही येत होता. डोरल्याचं सोनं त्याला कळलं नसेल असं आता मला वाटत नाही. कळलं असेल आणि तरी खणत राहिला असेल. त्याचं काय कारण होतं ते त्याला माहीत. तुम्हाला हे पटलं असतं की नाही, कुणास ठाऊक. तुम्ही मान हलवत राहिला असतात आणि मग एसटीत उतरायच्या वेळी म्हणाला असतात, विचार करायला हरकत नाही.

नव्या सरांनी काल तुमचं कपाट माझ्याकडून तपासून घेतलं. नोंदवहीत त्या बाटलीचा आकडा आहे, बाटली रिकामी. ते म्हणाले, नमुना गहाळ लिहू का? मी म्हणाले, गहाळ नाही सर, कुठे आहे ते माहीत आहे. चिठ्ठी मी त्यांना दिली नाही. ती माझ्याकडे आहे, बारावीच्या प्रमाणपत्राच्या पिशवीत. दगड हरवला तर चालतो.

उद्या रविवार आहे. साडेसातची एसटी धरते. आईची काथवट फुटली नव्हती बाई, पाच वर्षं पोत्यात गुंडाळून माळ्यावर होती. आज खाली काढली, पुसली. तीच घेऊन जाते. आता लपवायची कुणापासून.